छर्‍याच्या बंदुकीचं पोरगं राज्यसभेत पोचलं : शिकारी ते पक्ष्यांचा वकील, डॉ. सलीम अली

नोव्हेंबर उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पक्षी सप्ताहाची गडबड सुरू होते. 5 तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 तारखेला डॉ. सलीम अली यांचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा राज्य सरकारने पक्ष्यांसाठी ठेवला आहे. पोरं मातीच्या भांड्यात पाणी भरून झाडाला टांगतात, गुरुजी फोटोला हार घालतात. फोटोतला माणूस अंगानं बारीक, पांढर्‍या दाढीचा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला. बघणार्‍याला वाटतं, या माणसानं आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नसेल.

खरी गोष्ट वेगळी आहे. हा माणूस लहानपणापासून शिकारी होता. त्याच्या हातात पहिल्यांदा आली ती बंदूक, दुर्बीण नंतर आली. आणि पुढं याच माणसाचं म्हणणं पंतप्रधान ऐकायचे, तलाव आणि जंगलं त्याच्या शब्दानं वाचायची, शेवटी तो राज्यसभेतही जाऊन बसला. रानात वावरणार्‍या माणसानं सरकारच्या धोरणात तोंड घालावं की नाही, हा प्रश्न आज आपल्या जिल्ह्यात पुन्हा उभा आहे. म्हणून त्यांचं आयुष्य एकदा नीट बघायला हवं. त्यात शिकण्यासारखं बरंच आहे, आणि एक मोठी चूकही आहे.

आईबापाविना पोर, मामाच्या घरात बंदुका

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोरांना गिरगावातल्या खेतवाडीच्या घरी वाढवलं. स्वातंत्र्यलढ्यातले अब्बास तय्यबजी हे याच घराण्यातले.

अमिरुद्दीन मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका, शिकारीच्या गप्पा आणि शिकारीचं मांस हे नेहमीचंच. मामांनी सलीमच्या हातात छर्‍याची बंदूक दिली. पोरापोरांत नेमबाजीच्या पैजा लागायच्या. त्यात इस्कंदर मिर्झा नावाचा एक लांबचा भाऊ होता, त्याचा नेम फार पक्का. तो पुढं पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सलीम मात्र चिमण्यांच्या मागं राहिला.

त्या वयातली त्यांची एक नोंद फार बोलकी आहे. तबेल्याच्या भिंतीत खुंटीच्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत, नर बाहेर राखणीला. सलीमनं गाडीआड दडून नराला टिपलं. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर पडले, तरी घरट्याला राखणदार मिळत राहिला. दहाएक वर्षांच्या पोरानं हे सगळं वहीत लिहून ठेवलं. शिकार बाकीच्या पोरांनीही केली होती, लिहून ठेवली ती एकट्यानं. पुढं साठेक वर्षांनी ती नोंद पक्षी अभ्यासकांसाठी छापली गेली, आणि तेव्हाही तिच्यात काही बदलावं लागलं नाही.

पिवळ्या गळ्याची चिमणी

एकदा छर्‍यानं पाडलेली एक चिमणी हातात घेतली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी आधी पाहिलेली नव्हती. हे खाण्यासारखं आहे का, आपल्या धर्मात चालतं का, असा साधा प्रश्न पोराला पडला. मामांनाही सांगता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि पोराला तिकडं पाठवलं.

ही सोसायटी कुणाची, हेही बघण्यासारखं आहे. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी ती काढली. त्यात सहा इंग्रज आणि दोन मराठी माणसं होती, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या सभासदांत शिकारी भरपूर होते. मारलेल्या जनावराची मापं, जागा, तारीख, पोटात काय सापडलं, याच्या नोंदी ते सोसायटीच्या मासिकात छापायला देत. शिकार्‍याच्या अनुभवातून शास्त्र उभं राहात होतं.

मिलार्ड साहेबांनी पोराला हाकलून लावलं नाही. त्यांनी चिमणी ओळखली आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याचं कातडं काढून, भुसा भरून, चिठ्ठी बांधून कसं जपायचं तेही तिथं शिकायला मिळालं. एका गोर्‍या साहेबानं शाळकरी पोराच्या प्रश्नाला वेळ दिला, त्या दिवसापासून सलीमच्या बंदुकीला काम मिळालं.

शिक्षणात यथातथा, रानात पहिला नंबर

1913 साली ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाले. कॉलेजात गणितानं छळलं. मग ते ब्रह्मदेशात तवॉय इथं घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. तिथं धंदा कमी आणि जंगल जास्त झालं. शिकार, पाखरं आणि डोंगर यातच वेळ गेला. 1917 साली परत आले, व्यापाराचं शिक्षण घेतलं आणि झेवियर्स कॉलेजात फादर ब्लाटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रही शिकले. 1918 साली तहमीना यांच्याशी लग्न झालं.

1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून नोकरी लागली. पगार महिन्याला 350 रुपये, त्या काळात चांगलाच. पण आपलं ज्ञान अपुरं आहे हे त्यांना कळत होतं. 1928 साली रजा काढून ते जर्मनीत बर्लिनला प्रोफेसर एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. पाखराच्या पायात कडी अडकवून ते कुठून कुठं जातं हे शोधण्याची पद्धत त्यांनी तिकडं पाहिली.

1930 साली परत येतात तर नोकरीच गेलेली. पैसे नाहीत म्हणून जागा रद्द झाली होती. नवराबायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणीची घरटी लोंबत होती. बेकार माणसाला वेळच वेळ. शिडीवर बसून त्यांनी सुगरणीचं सगळं घर-संसार टिपलं. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन पसंत करते, मग तो दुसरं घरटं बांधून दुसर्‍या मादीला बोलावतो. आपल्याकडं विहिरीच्या काठच्या बाभळीवर सुगरणी पाहात मोठी झालेली माणसं गावोगाव आहेत. फरक एवढाच की त्यांनी तारखा लिहिल्या आणि त्या छापून आणल्या. तेवढ्यावर त्यांचं नाव परदेशात पोचलं.

निजामाच्या राज्यात पाखरांची नोंद

मग त्यांनी एक वेगळी युक्ती काढली. संस्थानिकांना कळवलं की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, मजुरी नको, फक्त छावणीचा आणि प्रवासाचा खर्च द्या. 1931 साली हैदराबाद संस्थानात हे काम सुरू झालं. आपला जिल्हा तेव्हा याच निजामी राज्यात होता. त्या राज्यातल्या पाखरांची शिस्तीनं पाहणी झाली ती अशी, एका नोकरी गेलेल्या माणसाच्या बंदुकीनं आणि वहीनं.

कामाची पद्धत सरळ होती. तंबू ठोकायचा, पहाटे निघायचं, लागेल तेवढाच पक्षी टिपायचा. दुपारी कातडी काढून चिठ्ठी बांधायची. त्यावर जागा, तारीख, नर की मादी, पोटात दाणे की किडे, हे सगळं. तहमीनाबाई बरोबर असायच्या. त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशी एकेक राज्यं होत गेली. तो काळ दुर्बिणीचा फोटो मोबाईलवर पाठवण्याचा नव्हता. पक्षी हातात आल्याशिवाय त्याची जात पक्की ठरत नसे.

या कामात त्यांना एक गोष्ट नीट समजली. रान ज्याच्या पायाखालचं आहे, त्याला कोणत्या झाडावर कोण बसतं हे विचारावं लागतं. पुढं 1959 पासून सोसायटीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. पाखरू जिवंत, पीस न मोडता धरायचं होतं. ते पदवीवाल्यांना जमेना. तेव्हा बिहारमधल्या मिरशिकार जमातीच्या माणसांना बोलावलं गेलं. पिढ्यानपिढ्या पाखरं धरून विकणारी ही माणसं. त्यांचीच जाळी, त्यांचाच फास, त्यांचीच शीळ, पण आता पाखरू धरून कडी घालून सोडून द्यायचं. ज्या हुनरावर पोट चालायचं, तेच हुनर संशोधनाच्या कामी आलं.

शिकारीत फरक असतो

1939 साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमीनाबाई गेल्या. सलीम अली खचले. मग ते बहिणीच्या घरी राहिले आणि कामात बुडाले. 1941 साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. चित्रं बघून साध्या माणसालाही पाखरू ओळखता येईल असं ते होतं. नेहरूंनी ते पुस्तक इंदिरा गांधींना दिलं आणि त्यांना पाखरांची गोडी लागली. या एका पुस्तकाची पुढं फार मदत झाली.

सलीम अली बंदूक सोडून संत झाले, असं काही झालं नाही. अभ्यासासाठी पक्षी मारावा लागतो हे ते उघड मानत. खाण्यापुरती शिकार त्यांना गैर वाटत नसे. चीड होती ती विनाकारण मारण्याची. त्याचा नमुना राजस्थानातल्या भरतपूरला होता. महाराजांनी तळ्यात पाणी सोडून हिवाळी बदकांसाठी जागा केली होती, आणि बड्या पाहुण्यांसाठी तिथं शिकारी व्हायच्या. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात एका दिवसात 4,273 पक्षी पडले. योगायोग असा की त्या दिवशी सलीम अली 42 वर्षांचे झाले होते.

खाण्यासाठी चार तितर धरणारा फासेवाला आणि आकडा वाढवण्यासाठी चार हजार बदकं पाडणारा साहेब, दोघंही शिकारीच. पण 1871 च्या कायद्यानं गुन्हेगार जमात म्हणून शिक्का बसायला लागला तो पारध्यांसारख्या जमातींवर. साहेबांचा आकडा मात्र दगडावर कोरला गेला. हा शिक्का सरकारी कागदावरून 1952 साली पुसला, लोकांच्या डोक्यातून अजून पुसायचा आहे.

कायदा करणारेही शिकारीच

स्वातंत्र्य आलं. इंग्रज सभासद मायदेशी गेले. सोसायटी बंद पडते की काय अशी वेळ आली. सलीम अलींनी थेट नेहरूंना लिहून सरकारी मदत मिळवली आणि संस्था टिकवली.

त्याच सुमारास मुंबई राज्यात वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा 1951 चा कायदा झाला. त्यामागं सोसायटीची माणसं होती. विशेषतः सलीम अलींचे नात्यातले हुमायून अब्दुलअली यांचा त्यात मोठा वाटा होता, आणि तेही बंदूक चालवणारेच होते. शिकारीला परवाना, विणीच्या दिवसांत बंदी, कोणता प्राणी मारायचा आणि कोणता नाही याची यादी, असं त्याचं स्वरूप होतं. विणीचा हंगाम केव्हा, पिल्लं कधी उडती होतात, कोणतं जनावर कमी झालंय, हे खरं कुणाला माहीत होतं? रानात हिंडणार्‍यांनाच. म्हणून तो कायदा रानाला धरून होता.

पुढं 1972 साली देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दरवाजे जवळजवळ बंद झाले. वाघ, बिबट्या, काळवीट यांची संख्या ज्या वेगानं घसरत होती ते बघता हे करावंच लागणार होतं.

माळढोक आणि आपला शेजार

सलीम अलींचा जीव अडकला होता माळढोकात. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणार्‍या पक्ष्यांत सर्वांत जड म्हणावा असा. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. जीपगाड्या आल्यावर याची शिकार सोपी झाली. मोर सगळीकडे आहे, त्याला राखायची गरज नाही, म्हणून राष्ट्रीय पक्षी माळढोक करावा असा आग्रह त्यांनी धरला. मान मिळाला असता तर माळरान तरी वाचलं असतं, असा हिशोब. पण 1963 साली मोर ठरला.

माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं ते आपल्या शेजारी. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज त्याचं मुख्य ठिकाण. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, परंड्याला लागून असलेला करमाळा, आणि नगरकडचे तालुके मिळून क्षेत्र झालं सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. यात गावं होती, शेतं होती, रस्ते होते. जमिनीच्या व्यवहारावर आणि बांधकामावर निर्बंध आले. पोरीच्या लग्नाला तुकडा विकायचा तरी अडचण. ज्या पाखराला म्हातार्‍या माणसांनी आपल्या ज्वारीत हिंडताना पाहिलं होतं, त्याचं नाव काढलं की लोक चिडू लागले. शेवटी 2012 च्या सुमारास क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पाखरू जवळजवळ संपलं होतं. आज देशात माळढोक दीडशेच्याही आत असावेत, असं मानतात.

नकाशावर रेघ मारताना बांधावरच्या माणसाला विचारलं असतं तर कदाचित रेघही छोटी पडली असती आणि पाखरूही राहिलं असतं.

मोठ्या माणसाची मोठी चूक

आता भरतपूरकडं परत येऊ. स्वातंत्र्यानंतर तळं आटवून तिथं शेती करावी अशी मागणी जोरात होती. सलीम अलींनी नेहरूंकडं धाव घेतली आणि तळं वाचलं. 1956 साली तिथं पक्षी अभयारण्य झालं. महाराजांचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत चालूच होता. पुढं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान झालं.

उद्यान झाल्यावर प्रश्न आला म्हशींचा. आजूबाजूच्या गावांची जनावरं पिढ्यानपिढ्या त्या तळ्यात चरायची. चराईनं पाखरांचं नुकसान होतं असं सलीम अलींचं आणि सोसायटीचं मत होतं. नोव्हेंबर 1982 मध्ये चराई बंद झाली. गावकर्‍यांना दुसरी सोय दिली नाही, नीट विचारलंही नाही. लोक चिडून आले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली.

पुढं काय झालं ते आणखी विचार करायला लावणारं आहे. सोसायटीनंच तिथं दहा वर्षं अभ्यास केला. म्हशी गेल्या आणि पाणगवत बेसुमार माजलं. उघडं पाणी गवतानं झाकलं, मासे कमी झाले, कितीतरी पाणपक्ष्यांची बसायची जागा गेली. म्हशी त्या तळ्याचं गवत छाटत होत्या. हे त्या गावातल्या गुराख्यांना कुणी विचारलं असतं तर कळायला दहा वर्षं लागली नसती. पण गुराख्याच्या शब्दाला तेव्हा किंमत नव्हती. ज्या माणसाला लहानपणी मिलार्ड साहेबांनी खुर्ची देऊन ऐकून घेतलं होतं, त्याच्याकडून गुराख्याला खुर्ची द्यायची राहून गेली. सोसायटीचं मोठेपण असं की आपल्याच मताच्या विरुद्ध गेलेला निष्कर्ष तिनं दडवला नाही.

शेवटची वर्षं

कामाचा डोंगर मात्र थांबला नाही. अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतल्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले, ते 1968 ते 1974 या काळात आले. मोटारसायकलचा नाद असा की 1950 साली स्वीडनमधल्या पक्षीशास्त्र परिषदेला जाताना गाडी बोटीत घालून युरोपात नेली आणि तिथून चालवत गेले. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणून ज्यांनी आवाज उठवला त्यांत ते होते. 1958 साली पद्मभूषण आणि 1976 साली पद्मविभूषण मिळालं. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीला देऊन टाकली.

1985 साली, वयाच्या 89 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातही चिमणीच आहे, ती पिवळ्या गळ्याची. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावानं कोइमतूरला पक्षीशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, आणि 2016 साली हिमालयात सापडलेल्या एका नव्या पक्ष्यालाही त्यांचं नाव मिळालं.

आपल्या जिल्ह्यात खुर्ची कुणाची

आता धाराशिवकडं बघू. सोयाबीन, तूर, हरभरा कोवळं असताना काळविटांचे कळप उतरतात. उसात आणि मक्यात रानडुकरं घुसतात. रात्रीची लाईट, पिकाची राखण आणि झोपेचं खोबरं, हे आठही तालुक्यांत सारखंच. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं, तिथं 2024 च्या डिसेंबरात कॅमेर्‍यात वाघ आला, तोही थेट यवतमाळकडच्या टिपेश्वरहून कितीतरी जिल्हे ओलांडून. बालाघाटच्या डोंगररांगेत बिबट्याच्या बातम्या आता नव्या नाहीत. म्हणजे जनावर आणि माणूस यांचा प्रश्न वाढणारच आहे.

या प्रश्नावर नियम ठरतात मुंबईत आणि दिल्लीत. पण कायद्यानं खाली काही दारं ठेवली आहेत, ती फारशी कुणी उघडत नाही.

पहिलं दार गावातच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. गावात कोणतं जनावर दिसतं, कधी दिसतं, पूर्वी काय होतं आणि आता काय नाही, हे त्यात लिहायचं असतं. ही वही ऑफिसात बसून भरली तर ती कोरीच म्हणायची. जुना शिकारी, पारधी वस्तीवरची जाणती माणसं, धनगर, रात्री राखणीला जाणारा शेतकरी, यांना बसवून ती भरली तर तिला वजन येतं.

दुसरं दार अभयारण्याच्या सल्लागार समितीचं. वन्यजीव कायद्यात अशा समितीची तरतूद आहे आणि तिच्यात पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी घ्यायचे असतात. आपल्या भागातून तिथं कोण बसतं, बसतं की नाही, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावाला आहे.

तिसरं दार सर्वांत वरचं. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. त्या मंडळावर सरकार जी दहा जाणकार माणसं नेमतं, त्यांत निदान दोघं अनुसूचित जमातीचे असावेत असं कायदा सांगतो. महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी हे अनुसूचित जमातीत येतात. ज्यांच्या पूर्वजांना तितर-लाव्याची भाषा येत होती, त्यांच्यातलं शिकलेलं पोरगं उद्या या खुर्चीवर बसलं तर ते कायद्याला धरूनच होईल.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायची. शिकार आज गुन्हा आहे. फास लावणं, कुंपणात करंट सोडणं, सुतळी बॉम्ब ठेवणं, यानं तुरुंग होतो आणि करंटनं शेजार्‍याचा जीवही जातो. रानडुक्कर किंवा नीलगाय पीक खात असेल तर वन अधिकार्‍याकडं लेखी अर्ज करून परवानगी मागायची तरतूद राज्यात आहे, आणि नुकसानीची भरपाईही मागता येते. अर्जाची पोच घ्यायची, पंचनामा होईपर्यंत फोटो काढून ठेवायचे. तोंडी ओरडलेलं हवेत जातं, लिहिलेलं कागदावर राहतं.

सलीम अलींच्या आयुष्यातला धडा हाच आहे. त्यांच्यापेक्षा चांगला नेम इस्कंदर मिर्झाचा होता. त्यांच्यापेक्षा जास्त पाखरं साहेबांनी मारली. पण वहीत तारीख टाकून लिहिलं ते एकानं, आणि आपल्याला कळत नाही ते विचारायला दार ठोठावलं तेही त्यानंच.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. ग्रामसभेच्या या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. पुढच्या ग्रामसभेत घरकुल, नळ आणि रस्त्याचे विषय झाले की कुणीतरी उठून एवढंच विचारावं की गावाची जैवविविधता नोंदवही कुठं आहे, आणि ती भरताना रानात जाणार्‍या कुणाकुणाला विचारलं होतं. कपाटातून वही निघाली तर पानं उघडून बघावीत. नाही निघाली तर नवी वही आणायला फार पैसे लागत नाहीत.